पांढरी कड

रविवारी सकाळी नऊ वाजता दोआनबाईंनी खोक्याचं झाकण काढलं, आतला स्कार्फ उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली आणि झाकण लावलं. स्कार्फ त्यांच्यासाठीच विणलेला होता. गळ्यात घालून बघावा इतकी थंडी त्या सकाळी व्हिएतनामच्या डोंगरातल्या दालात गावात नक्कीच होती. धुकं खिडकीच्या गजांना येऊन टेकलं होतं. त्यांनी तो घातला नाही.

"फार बारीक काम आहे," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं तुला, बाळ?"

"आईनं," उयेन म्हणाली. सांगताना ती हसत होती.

दोआनबाईंनी मान वळवून उयेनच्या आईकडे पाहिलं. सभ्यपणात बसतं त्याहून थोडा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी आर्टिचोकचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, रताळ्याच्या कापाला हात लावला नाही, आणि पानसुपारी घेऊन कधी यायचं ते पंचांगवाल्याला पुन्हा एकदा विचारून कळवते असं सांगून त्या उठल्या. खरं तर त्या तारीख नक्की करायलाच आल्या होत्या. त्यांचा मुलगा लाम खोकं काखेत धरून मागोमाग निघाला. ही सोयरीक जमवणाऱ्या साऊमावशी पायऱ्या उतरून गेल्या आणि छत्री विसरल्याचं निमित्त करून परत वर आल्या.

"थोआ, अगं हे काय करून ठेवलंस?"

"मी काय केलं? मी चहा केला," उयेनची आई थोआ म्हणाली.

थोआला जगातल्या बऱ्याचशा गोष्टी हलक्या वाटत, आणि एके काळी तिला त्याचाच पगार मिळत असे. लोकरी कपड्यांच्या सहकारी कारखान्यात ती माल तपासायला होती. परदेशी जाणारा स्वेटर आधी तिच्या टेबलावर यायचा. ती तो उजेडात धरायची, बाही ताणायची, उलटा करून गाठी बघायची, आणि नापसंत झाला की विणणाऱ्या बाईच्या मांडीवर भिरकावून एकच शब्द बोलायची: "उसव." त्या शब्दावर बायका रडायच्या. कारखाना बंद पडला, टेबल गेलं, पगार गेला. तपासणी मात्र घरी फुकट चालू राहिली. शेजारणीचा भात, रस्त्याची खडी, देवळातल्या फुलांची मांडणी, टीव्हीवरच्या बाईची साडेतीन तोळ्यांची अक्कल, काहीही तिच्या हातून पास होत नसे.

लामचं घराणंही पास झालं नव्हतं. दोआनबाईंचं जॅमचं आणि वाळवलेल्या पर्सिमन फळांचं दुकान होतं, आणि त्यांची माणसं मूळची हुए शहरातली, जुन्या राजधानीची. हुएची माणसं चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा दरबारात ठेवल्यासारखा ठेवतात, असं थोआचं मत होतं. मत मनात ठेवायची तिला सवय नव्हती. भर बाजारात, साऊमावशींच्या भाजीच्या पाटीसमोर उभं राहून ती म्हणाली होती, "राजघराण्यातली म्हणे. राजे काय पर्सिमन सोलत बसायचे? आणि जॅम तरी कसला! बाटली उपडी केली तरी खाली येत नाही, सगळी साखरच." आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यातल्या निदान एकीनं हे दुकानापर्यंत पोचवलं असणार, कारण पुढच्या खेपेला दोआनबाईंनी जॅमऐवजी लोणचं पाठवलं होतं.

असं सगळं असूनही गोष्ट जमत आली होती. उयेन एकतीस वर्षांची, दाताच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसायची. लाम सरळ मुलगा होता. थोआच्या भाषेत "ओला पाव", पण नापसंत म्हणून परत फेकण्याइतका वाईट नाही. उयेनला तो हवा होता, आणि एरवी आईसमोर खाली मान घालणाऱ्या या मुलीनं त्या बाबतीत मान वर करून सांगितलं होतं की हे लग्न होणार. होणाऱ्या सासूला पहिली भेट आपल्या हातची द्यायची, हेही तिनंच ठरवलं.

लोकर तिनं फोनवरून मागवली. आली तेव्हा थोआनं चष्मा लावून पाहिली.

"हा गुंडा आहे की केक?"

"केकच म्हणतात त्याला, आई."

"मग खा."

चपटा, गोल, थरांचा गुंडा होता. बाहेर वाइनसारखा लाल, मग गुलाबी, मग फिका गुलाबी, आणि गाभ्यात पांढरा. विणत जाईल तसा रंग आपोआप बदलत जाणार. बाईनं काही करायचं नाही. रंग बदलायचा तर धागा तोडून दुसरा जोडावा, गाठ अशी लपवावी की नखालाही सापडू नये, यात थोआचं आयुष्य गेलेलं. ही लोकर म्हणजे आळशी बायकांसाठी कारखान्यानं केलेली हुशारी. आणि स्कार्फही धड नाही. तीन साखळ्यांच्या टोकापासून सुरू करायचं, एक कड सरळ ठेवायची आणि दुसऱ्या कडेला खांब, म्हणजे उभे टाके, वाढवत जायचं. ओळी लांब लांब होत जातात आणि शेवटी एक तिरपागडा त्रिकोण हातात येतो.

"एक बाजू शाळेत गेली, दुसरी पळून गेली," थोआ म्हणाली. "दारू पिऊन विणल्यासारखं दिसतंय."

"तशीच पद्धत आहे. सारखा नसतोच तो."

"तुमच्या पिढीत चूक झाली की तिला पद्धत म्हणतात."

उयेननं क्रोशाची सुई उचलली, गुंडा ॲल्युमिनियमच्या वाडग्यात ठेवला आणि बाहेरचं टोक ओढलं. यात तिनं क्षणभरही विचार केला नाही. थोआच्या घरात लोकर बाहेरूनच ओढायची, हा नियम होता. अभावाच्या वर्षांत नवी लोकर मिळत नसे. जुने स्वेटर उसवून, धुवून, वळ काढून गुंडे करायचे आणि वाडग्यात ठेवायचे. बाहेरून ओढलेला गुंडा वाडग्यात शहाण्यासारखा फिरतो. गाभ्यातून ओढला की आतून पोकळ होतो, ढासळतो, गुंता होतो आणि हातभर लोकर वाया जाते. उयेन लहान असताना एकदा तिनं आतून ओढलं होतं, तेव्हा तिच्या बोटांवर सुई बसली होती. दालातच्या त्या गल्लीतल्या साऱ्याच मुली हा नियम अशाच शिकल्या. गाभ्यात वेगळा रंग असलेला गुंडा तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता.

पहिले काही दिवस थोआनं त्या विणकामाकडे बघितलंच नाही. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिची नजर गेली. लाल संपून गुलाबी सुरू झाला होता. लालाचं निमुळतं टोक उयेनच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होतं. थोआनं ओळींची लांबी पाहिली, वाडग्यात उरलेला गुंडा पाहिला, आणि फडकं हातातच राहिलं. लाल गेला टोकाला. शेवटच्या, सगळ्यांत लांब ओळी पांढऱ्या येणार. टोक छातीवर लोंबतं. लांब बाजू गळ्याभोवती फिरते, आणि धुकं उतरलं की दोआनबाईंच्या वयाच्या बायका तीच डोक्यावरून घेतात. डोक्याला पांढरं.

थोआनं नवऱ्यासाठी ते बांधलेलं होतं. घरातलं माणूस गेलं की डोक्याला पांढरी पट्टी बांधतात. पानसुपारीच्या तबकांवर ज्यासाठी लाल कापड घालायचं, त्याच घरातून विहिणीसाठी पांढरी पट्टी पाठवायची!

हे तिला एका नजरेत दिसलं. गाभ्यातून सुरू केलं असतं तर पांढरं खाली लोंबलं असतं आणि डोक्याला लाल आला असता. अजूनही गुलाबीवर थांबलं तरी चालण्यासारखं होतं. एवढं सगळं तिच्या जिभेवर आलं, आणि तोंडातून बाहेर पडला तो जुना शब्द.

"उसव."

उयेननं सुई थांबवली नाही. "काय झालं आता?"

"उसव म्हटलं ना."

"टाके सैल आहेत?"

"टाक्यांचं काही नाही."

"मग वाकडं आहे म्हणून? सांगितलं ना तुला, ते तसंच असतं. आई, तू माझ्या प्रत्येक कामाला उसव म्हणतेस. मागच्या थंडीतल्या मोज्यांनाही म्हणालीस, आणि घालतेस तेच."

"घालते, कारण पाय गार पडतात."

"मग लामच्या आईचीही मान गार पडते," उयेन म्हणाली आणि पुढची ओळ वळवली.

थोआ तशीच उभी राहिली. मुलीनं फक्त एवढंच विचारायचं होतं की का. कारखान्यात कुणी विचारत नसे आणि तिथं तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं; पण घरच्या मुलीनं विचारायला हवं, असं तिला वाटत होतं. विचारलं असतं तर तिनं चूक दाखवली असती, आणि वर दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. न विचारणाऱ्या माणसाला शहाणपण फुकट वाटायची तिची तयारी नव्हती. ती भांडी लावायला आत गेली.

उयेननं शेवटच्या वीतभर धाग्यापर्यंत विणलं. असल्या लोकरीत उरवायचं काही नसतं. स्कार्फ गळ्याभोवती घेऊन ती आरशासमोर उभी राहिली. गळ्याशी पांढरा, कमरेशी लाल.

"कसा दिसतो?"

"झाला ना एकदाचा?" थोआ म्हणाली.

उयेनच्या मनात काही नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना मान्य आहे. वडील गेले तेव्हा ती एवढीशी होती. डोक्याला बांधलेली पट्टी तिला आठवत नव्हती. तिच्या मैत्रिणींनी लग्नात भाड्याचे पांढरे झगे घातले होते. पांढरा म्हणजे तिला फोटोत चांगला येणारा रंग.

सोमवारी संध्याकाळी ती हेल्मेटसकट घरात आली आणि तशीच खुर्चीत बसली.

"लामची आजी हुएला अंथरुणाला खिळलीय, ठाऊक आहे ना तुला? डॉक्टरांनी हात टेकले. घरात पांढरं कापड आणून ठेवलंय म्हणे. आणि मी त्याच्या आईला..." तिनं तोंडावर हात घेतला. "मला सुचलंच कसं नाही?"

"रडू नकोस. ती बाई पांढऱ्याला भिते, त्यात आपला काय दोष? पांढऱ्या बशीत भात खाते की नाही रोज?"

"आई, तिला वाटतंय तू मुद्दाम करून घेतलंस. तू बाजारात बोललेलं सगळं तिच्या कानावर आहे. राजे, पर्सिमन, साखर, सगळं. ती म्हणते, एवढी जाणती बाई, तिला कळलं नसेल असं होणार नाही."

थोआला यात पहिल्यांदाच दोआनबाईंबद्दल थोडा आदर वाटला.

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, आई त्या लोकरीकडे बघतसुद्धा नव्हती. तिला त्यातलं काही कळत नाही. तिला आपले जुने गुंडे माहीत. लाम म्हणाला, आईला तसंच सांगतो, निवळेल ती."

उयेननं डोळे पुसले आणि भात लावायला उठली. तिच्या मते तिनं आईला वाचवलं होतं. थोआ रात्रभर ते वाक्य उलटसुलट करत राहिली. तिला त्यातलं काही कळत नाही.

मंगळवारी ती दुकानात गेली. मुलीवरचा आळ काढायला जाते, असं तिनं साऊमावशींना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दोआनबाई दुकानामागच्या छपरीत बसल्या होत्या. वर बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांना सोललेले पर्सिमन, माळेसारखे. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"या, थोआताई. विहीणबाई म्हणायचं की नाही ते अजून ठरायचंय, म्हणून ताई म्हणते. बसा. चहा घ्याल? आमच्याकडे साखर जरा जास्त असते."

"मी बसायला नाही आले. माझ्या मुलीचा त्यात काही हात नाही."

"हात तिचाच आहे, सुंदर आहे. खांब कसे एकसारखे आहेत."

"तिला लोकर बाहेरून ओढायची सवय आहे. ती मी लावली. या गुंड्यात पांढरा आत होता, म्हणून तो शेवटी आला. आतून ओढला असता तर टोकाला गेला असता. एवढीच गोष्ट आहे. तिच्या डोक्यात वाईट काही नाही."

दोआनबाईंनी सुरी फिरवता फिरवता हे ऐकलं. साल एका लांब पट्टीत खाली आली. "पटतं," त्या म्हणाल्या. "पोर गुणी आहे. लामनंही तेच सांगितलं. आणि तुमच्याबद्दलही माझा गैरसमज झाला, तोही त्यानं दूर केला. मला वाटलं होतं तुम्ही जाणूनबुजून... जाऊ दे. लक्षात नाही आलं तुमच्या. या वयात होतं असं. माझेच डोळे बघा ना, संध्याकाळी सुरीची धार दिसत नाही. शिवाय ही नव्या तऱ्हेची लोकर, आपल्याला त्यातलं काय कळतं?"

दार उघडं करून दिलं होतं. थोआनं फक्त 'हो' म्हणायचं होतं. 'हो ताई, डोळे गेले' म्हणायचं, एक कप गोड चहा प्यायचा, आणि घरी येऊन तबकांचं लाल कापड इस्त्री करायचं. मागोमाग आलेल्या साऊमावशी दुकानाच्या पुढच्या भागात जॅमच्या बाटल्या बघत असल्याचं दाखवत होत्या. त्या नंतर सांगतात की त्यांनी तिथून थोआला मान डोलावून खूणसुद्धा केली.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," थोआ म्हणाली.

सुरी थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे दिसलं होतं मला. शेवट पांढरा येणार ते."

"कधी?"

"लाल संपला तेव्हाच. तुम्ही म्हणता तशी आंधळी असते तर माझ्या टेबलावरून गेलेला माल परदेशी उभा राहिला नसता."

"आणि तुम्ही पोरीला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. उसव म्हणाले."

"का उसव, ते सांगितलं?"

वरून एका पर्सिमनमधून रस टपकला, तो थोआच्या बाहीवर पडला. तिनं तो पुसला नाही.

"तिनं विचारलं नाही," ती म्हणाली.

दोआनबाईंनी सोललेलं फळ दोरीला बांधलं, गाठ ओढून पाहिली. आता त्यांच्या आवाजात लोणचंही नव्हतं आणि साखरही नव्हती.

"माझी आई तिकडे शेवटचे दिवस मोजतेय. तुमची पोर माझ्या डोक्याला पांढरं विणत होती, आणि तुम्ही बघत होतात, ती विचारते का याची वाट बघत. मुद्दाम केलं असतं तर मला कमी राग आला असता, ताई. निदान त्यात काही तरी मनापासून होतं असं म्हणता आलं असतं. तुमच्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही. तुमच्या उंबऱ्यावर पानसुपारी घेऊन यायचं की नाही, तेवढं बघावं लागेल."

"बघा," थोआ म्हणाली. निघताना तिची नजर वर लटकलेल्या माळांवरून फिरली. "ती तिसरी दोरी सैल आहे. पडेल."

बाहेर साऊमावशींनी तिचा दंड धरला. "एक 'हो' म्हणायला काय झालं होतं गं तुला? तोंडात काय खिळा मारला होता?"

"खोटं बोलू?"

"आयुष्यात एकदा बोलली असतीस तर मेली असतीस का!"

संध्याकाळपर्यंत लामकडून सगळं उयेनला कळलं होतं. ती ओरडली नाही. दारात चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या.

"तुला माहीत होतं."

"मी तुला उसव म्हणाले होते."

"पहिलीत असताना तू माझी अक्षरं पुसायला लावायचीस, आई. रोज. मग मोजे उसव, केस सोड, पत्र फाड. त्यातलं कुठलं खरं होतं ते मला कसं कळणार?"

थोआजवळ उत्तर होतं. चांगली विणणारी बाई आपलं आपण ओळखते. ते तिनं दिलंही. उयेननं ते ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं. त्यानंतरच्या दिवसांत दोघींमध्ये बोलणं झालं ते गॅसच्या टाकीबद्दल आणि गळक्या नळाबद्दल.

साऊमावशी मधल्या काळात दोनदा दुकानात जाऊन आल्या. एकदा दोआनबाई हुएच्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी चहा दिला, भाजीचा भाव विचारला, तारखेचा विषय काढला नाही. खोकं फडताळावर होतं. आत काही होतं की नाही, ते बाहेरून कळण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी साऊमावशी रिकामी पाटी घेऊन थोआच्या दारात आल्या.

"उयेन आहे?"

"दवाखान्यात."

"शनिवारी अर्धा दिवस असतो ना त्यांचा? अगं, ती दोआनच्या छपरीत बसलीय. पर्सिमन सोलतेय. मी आत्ता तिथूनच आले."

थोआ शेंगा निवडत होती. "कुणाबरोबर?"

"पाठमोरी होती. शेजारी कुणीतरी दोरीला फळं बांधत होतं. लाम असेल. नाहीतर त्याची आई."

"हसत होती?"

"पाठमोरी होती म्हटलं ना."

"साल कशी काढत होती? जाड की पातळ?"

साऊमावशींनी तिच्याकडे बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि उत्तर न देता गेल्या.

संध्याकाळी सहा वाजता गल्लीतले दिवे लागले. तोवर दोआनबाईंकडून तारीख आलेली नव्हती. उयेनही आलेली नव्हती.